साठातले दोन दात

संपादकांनी सांगितलं ते एवढंच: भोसरीत एक गॅरेज आहे, तिथे गाडीचा मेंदू काढून दुसरा बसवतात, जाऊन ये. एका दुपारीत काम होईल असं वाटलं होतं. तीन आठवड्यांत सहा खेपा झाल्या. शेवटची डिसेंबरातल्या एका पहाटे, सव्वासहाला.

एका बाजूला प्लास्टिक मोल्डिंगचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पावडर कोटिंगवाला, आणि मधल्या अरुंद गाळ्यात हे गॅरेज. ज्या गाडीसाठी मी गेले ती लाल रंगाची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. २००४ मध्ये ही गाडी भारतात आली. १७८१ सीसीचं टर्बो इंजिन, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, दीडशे अश्वशक्ती. तेव्हाच्या आपल्या रस्त्यांवर एवढी ताकद असलेली, आणि तरी मागे चार पोती तांदूळ मावतील अशी डिकी असलेली गाडी विरळाच. ऑक्टाव्हियाची जोडणी तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात होत असे, त्यामुळे मराठवाड्यातल्या कित्येक घरांत ती ‘आपल्याकडची’ गाडी आहे. या गाडीच्या मालकाने तिच्यावर मूळच्यापेक्षा मोठा टर्बो चढवला, मोठे इंजेक्टर बसवले, आणि कारखान्याने दिलेल्या कॉम्प्युटरला या नव्या मंडळींची काहीच ओळख नव्हती.

त्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलता येतो. गॅरेजच्या भाषेत त्याला रीमॅप म्हणतात आणि बहुतेकांचं त्यावर भागतं. इथे मात्र मूळ पेटीच काढली होती. तिच्या जागी तळहाताएवढी ॲल्युमिनियमची पेटी आली होती, स्टँडअलोन ईसीयू. ती कुठल्याच एका गाडीसाठी बनवलेली नसते. कोणत्याही इंजिनाला ती चालते, कारण तिला कोणत्याच इंजिनाबद्दल काही माहीत नसतं.

“दुसऱ्याच्या वहीत खाडाखोड करण्यापेक्षा कोरी वही बरी,” मामा म्हणाले. गॅरेजमधली पोरं त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. नाव छापायचं नाही असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

या कोऱ्या वहीमागचा इतिहास मोठा आहे, इथे थोडक्यात सांगते. निष्कास वायूच्या जोरावर हवा दाबून इंजिनात भरायची, म्हणजे टर्बोची, कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याची. त्याचं पेटंट १९०५ चं. पेट्रोल किती फवारायचं हे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठरवणारी बॉशची डी-जेट्रॉनिक यंत्रणा १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत आली, आणि पेट्रोल व ठिणगी दोन्ही एकाच पेटीकडे सोपवणारी मोट्रॉनिक १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूत. (नाशिककरांना बॉश म्हटलं की अजून मायको सर्कलच आठवतं.) शर्यतवाल्यांना मात्र स्वतः लिहिता येईल अशी पेटी हवी होती. त्या गरजेतून ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलियात हॉलटेक आणि मोटेक या कंपन्या उभ्या राहिल्या. पुढे बोलिंग आणि ग्रिप्पो या दोन अमेरिकी हौशी अभियंत्यांनी मेगास्क्वर्ट नावाची घरी जोडता येणारी पेटी काढली आणि हे ज्ञान सामान्य गॅरेजांपर्यंत पोचलं.

पेटीला शिकवायचं म्हणजे काय शिकवायचं? मामांनी बिलाच्या मागच्या बाजूला हिशेब करून दाखवला. एका सिलिंडरचा आकार ४४५ सीसी. टर्बोने वातावरणाइतकाच आणखी दाब चढवला, हवा ४० अंशांवर असली आणि सिलिंडर पुरता भरला, तर आत जाते साधारण एक ग्रॅम हवा. शुद्ध पेट्रोल धरलं आणि जोरात पळवताना बाराला एक प्रमाण ठेवलं, तर त्या एका ग्रॅमला ८३ मिलिग्रॅम पेट्रोल हवं. तीच हवा ट्रॅफिकमध्ये तापून ६० अंशांवर गेली तर विरळ होते, आणि पेट्रोल ७८ मिलिग्रॅमच लागतं. पण सिलिंडर कधीच पुरता भरत नाही. किती भरतो ते दर फेऱ्यांना, दर दाबाला वेगळं. म्हणून लॅपटॉपवर सोळा बाय सोळाचा तक्ता असतो. त्या २५६ घरांतला प्रत्येक आकडा भरावा लागतो, आणि तो खरा की खोटा हे सायलेन्सरच्या नळीत बसवलेला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर सांगतो. ठिणगीचा तक्ता वेगळा. बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या दाबाचा, वेगळा. गाडी बनवणारे हे काम प्रयोगशाळांत, वाळवंटात आणि बर्फात गाड्या नेऊन, माणसांच्या तुकड्या लावून करतात. इथे एक माणूस आणि एक प्लास्टिकची खुर्ची.

मी मात्र अडकले ती एका चाकापाशी.

क्रँकशाफ्टवर, इंजिनाच्या पोटात, एक दात्यांचं चाक असतं. दात साठ असायला हवेत, असतात अठ्ठावन्न. दोन मुद्दाम गाळलेले. चाकासमोर एक सेन्सर, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तार. दात जवळ येतो तसा तारेतला विद्युतदाब एका बाजूला चढतो, आणि दात नेमका समोर आला की शून्य ओलांडून दुसऱ्या बाजूला कोसळतो. तो शून्य ओलांडण्याचा क्षण पेटी टिपते. दोन दातांमध्ये सहा अंश. टिप, टिप, टिप, आणि मग अचानक तिप्पट लांब शांतता. जपमाळेत बोटाला मेरुमणी लागावा तशी ती मोकळी जागा लागते आणि पेटीला कळतं, फेरा इथे पुरा झाला. एवढ्या एका खुणेवरून ती पुढचं सगळं मोजते: पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कुठे आहे, ठिणगी कधी, पेट्रोल कधी. क्रँक दोनदा फिरला की एक चक्र पुरं होतं, म्हणून आपण पहिल्या फेऱ्यात आहोत की दुसऱ्या, ते कॅमशाफ्टवरच्या आणखी एका सेन्सरला विचारावं लागतं.

मिनिटाला सहा हजार फेरे असताना क्रँक एका अंशातून जायला सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग घेतो. ठिणगी पाच-सहा अंश आधी पडली तर दाबलेल्या हवेत पेट्रोल भडकण्याऐवजी फुटतं. त्याला नॉकिंग म्हणतात. मामांच्या टेबलावर बिलांवर वजन म्हणून ठेवलेला एक पिस्टन आहे. कडेला उंदराने कुरतडल्यासारखा, रिंगांच्या मधली भिंत उडालेली. मी तो उचलला तेव्हा ते म्हणाले, “तो माझ्या हातून गेलाय. बारा वर्षं झाली. टाकत नाही.”

मामा नाना पेठेत शिकले, येझदी आणि जुन्या स्कूटरींवर. त्या गाड्यांना पॉइंट असत. पॉइंट उघडण्याचा क्षण म्हणजे ठिणगीचा क्षण, आणि तो शोधायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून मॅग्नेटो हळूहळू फिरवायचा. कागद सुटला की टायमिंग. “बोटाला कळायचं,” ते म्हणाले. लॅपटॉपसमोरही त्यांची बोटं तशीच चालतात, अंगठा आणि तर्जनी एकमेकींवर घासत, जणू मधे कागद आहे.

दुसऱ्या खेपेला मी गेले तेव्हा गाडी सुरू होत होती, पण मामा रेस करू देत नव्हते. ठिणगी दहा अंशांवर कुलूपबंद करून, पुढच्या पुलीवरच्या खुणेला पांढरा रंग लावून, ते टायमिंग लाइट मारून बघत होते. दिव्याच्या उघडझापीत फिरती पुली जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. स्लोवर खूण बरोबर जागी होती. फेरे वाढवले तशी खूण सरकू लागली. चार हजारांवर ती चांगलीच मागे पडली होती. लॅपटॉप म्हणत होता दहा अंश. लोखंड वेगळंच म्हणत होतं.

मामांनी इंजिन बंद केलं आणि सेन्सरच्या दोन तारांची अदलाबदल केली. बस, एवढंच. तारा उलट्या जोडल्या गेल्या की दाब शून्यातून झपकन कोसळतो तो क्षण टिपण्याऐवजी पेटी उताराची दुसरी, सुस्त कड धरते. ती कड वेगाबरोबर जागा बदलते. गाडी सुरू होते, चालते, मालक खूश होतो, आणि मग एक दिवस घाटात पूर्ण बूस्टवर पिस्टन जातो. पुन्हा सेल्फ मारला, पुन्हा दिवा धरला. हजार, दोन हजार, चार हजार. पांढरी खूण भिंतीला खिळा ठोकावा तशी एका जागी. मला ती बघताना झालेला आनंद मी लपवला नाही. मामांनी दिवा माझ्या हातात दिला, “घ्या ताई, तुम्हीही बघा.”

पुढची पायरी डायनोवर, म्हणजे गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर. तिथे मामा कानाला लावायला जे साधन नेतात ते विकत मिळत नाही. इंजिन ब्लॉकला बोल्टने कसलेली चपटी तांब्याची नळी, तिला रबरी होज, होजच्या टोकाला कारखान्यातले आवाज रोखणारे कानपट्टे. या मापाच्या सिलिंडरात नॉकिंग होतं तेव्हा सेकंदाला सुमारे सात हजार कंपनं होतात. ब्लॉकवरचा सेन्सर ती ऐकतो, पण व्हॉल्व्हच्या खडखडाटात त्याची फसगत होऊ शकते. मामा दोन्ही ऐकतात, सेन्सर काय म्हणतो तेही आणि तांब्याची नळी काय म्हणते तेही. किती अश्वशक्ती मिळाली हे प्रत्येक जण आधी विचारतो. ते आकडे मी इथे देत नाही, कारण गाडी अजून पुरी झालेली नाही, आणि का झालेली नाही हेच सांगण्यासारखं आहे.

मूळ पेटी निघाली तेव्हा तिच्याबरोबर काय काय गेलं याची यादी कुणी मालकाला देत नाही. किल्लीतली चिप ओळखून चोराला अडवणारी व्यवस्था गेली. एबीएसच्या पेटीशी तिचं चाललेलं बोलणं गेलं. एसीचा कॉम्प्रेसर लागताना इंजिन गुदमरू नये म्हणून स्लो किंचित वाढवणं, पंखा लावणं, पूर्ण दाब दिल्यावर एसी क्षणभर सोडणं, ही घरातल्या कर्त्या बाईसारखी न दिसणारी कामं होती. ती एकेक करून नव्या पेटीला शिकवावी लागली. या गाडीत ॲक्सिलरेटरची केबल नाही. पेडलवर दोन सेन्सर, थ्रॉटलवर दोन, आणि जोडीतल्या दोघांचं पटलं नाही तर इंजिनाची ताकद काढून घ्यायची असते. मूळ पेटीत त्यावर पहारा द्यायला दुसरा प्रोसेसरच होता. मला काळजी वाटते ती इथे. मामा ही तपासणी तीनदा करतात, पेडलची एक तार मुद्दाम काढून बघतात. सगळे करतात का?

कायद्याचं म्हणणं स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या रूपात बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. गाळ्याचं नाव का छापायचं नाही ते यातून कळतं. पीयूसीत गाडी उभी करून नळकांड्यातला धूर मोजतात. पूर्ण बूस्टवर ती किती पेट्रोल ओकते हे तिथे कुणालाच दिसत नाही. वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे पुणेकर ज्या एआरएआयच्या कुंपणाजवळून जातात, तिथे एका गाडीच्या मंजुरीसाठी किती चाचण्या होतात हे आठवलं की या मोकळेपणाची भीतीही वाटते. हा मोकळेपणा ट्रॅकवर असावा, आपल्या घाटांत नसावा, असं मला वाटतं, आणि मी ते मामांना सांगितलंही. त्यांनी मान हलवली. “म्हणूनच मी बूस्ट मालकाच्या हातात देत नाही.”

त्यात पंपावरचं पेट्रोल बदललं. शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला पावणेपंधरा पट हवा लागते, वीस टक्के इथेनॉलवालं साडेतेराच्या आसपास. जुने तक्ते त्याला कमी पडतात. मामांनी ते सगळे पुन्हा भरले.

आणि शेवटी उरली सकाळ. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. फवारलेल्यातलं बरंचसं भिंतींना चिकटतं. म्हणून जास्त द्यावं लागतं, पण किती जास्त? थोडं कमी पडलं तर पेट घेत नाही, थोडं अधिक झालं तर प्लग ओले. शिवाय थंडीत तेल दाट, बॅटरी मंद, सेल्फ अडखळत फिरतो. पिस्टन हवा दाबताना क्रँक इतका हळू होतो की दोन दातांमधलं साधं अंतरही लांबतं, आणि पेटीला तो मेरुमणी वाटू शकतो. मोजणी चुकली की ठिणगीच नाही. पेट्रोल चुकलं की मोजणी, हे बाहेरून ऐकून कळत नाही. दोन्हींत इंजिन तसंच खोकतं. पुन्हा करून बघावं तर तोवर ते थोडं गरम झालेलं असतं. खरी थंड सुरुवात दिवसातून एकदाच मिळते.

त्या पहाटे इंजिनाचं तापमान ११ अंश होतं. मामा कानटोपी घालून बसले होते. लॅपटॉपवर दातांचा आलेख उघडलेला: ५७ ठेंगणे खांब, एक उंच, पुन्हा ५७ ठेंगणे. सेल्फ मारला. खांब वरखाली झाले, एक ठेंगणा बराच उंचावला, पण गाडीने पेट घेतला. दोन सेकंद धडधडली आणि विझली. दुसऱ्यांदा नुसतीच फिरली. पोराने प्लग काढला. टोक ओलं, पेट्रोलचा वास.

मामा आलेख मागे सरकवून बराच वेळ बघत राहिले. उंच खांब दर वेळी आपल्या जागी होता, मोजणी एकदाही तुटली नव्हती. म्हणजे दोष पेट्रोलचा. त्यांनी दहा अंशांच्या घरातला एकच आकडा कमी केला, वहीत तारीख, तापमान, जुना आकडा आणि नवा आकडा लिहिला, आणि लॅपटॉप मिटला.

“आता उद्या,” म्हणाले, आणि दुपारचं ऊन पोचत नाही अशा मागच्या कोपऱ्यात गाडी ढकलायला पोरांना हाक मारली.