झोपेतला श्वास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्हिक्टोरिया मेमोरियलच्या संगमरवराला वाहनांच्या धुरापासून वाचवण्यासाठी कोलकात्यातील एस्प्लनेडचे बसतळ हलवावे, असा आदेश कलकत्ता उच्च न्यायालयाने २००७ साली दिला. दगडावरचा डाग डोळ्यांना दिसतो. त्याच धुरात दिवसभर उभ्या राहणाऱ्या फेरीवाल्याच्या फुप्फुसांत काय साचते ते दिसत नाही, आणि त्याची झोप का उडते हे तर सहसा कोणी विचारतही नाही. धुराच्या दीर्घ सहवासाने श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन फुप्फुसांतील हवा पुरती बाहेर पडेनाशी होते, त्या विकाराला सीओपीडी म्हणतात. तो केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच होतो ही समजूत चुकीची असून चुलीचा धूर हेही त्याचे मोठे कारण आहे, असे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली 'द लॅन्सेट'मध्ये मांडले.

झोपेत फुप्फुसांना विश्रांती मिळते, हा गैरसमज सर्वांत खोल रुजलेला आहे. वस्तुतः स्वप्ने पडतात त्या झोपेत, म्हणजे पहाटेकडे लांबत जाणाऱ्या टप्प्यात, बरगड्यांमधले आणि मानेचे स्नायू जवळजवळ निकामी होतात व श्वासाचा सारा भार छाती आणि पोट यांच्यामधील श्वासपटल या एकट्या स्नायूवर येतो. निरोगी माणसाला त्याची जाणीवही होत नाही, परंतु सीओपीडीमध्ये अडकून राहिलेल्या हवेने हे पटल आधीच सपाट होऊन त्याचा जोर घटलेला असल्यामुळे श्वास उथळ होतो, रक्तातील ऑक्सिजन उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. सकाळी डोके जड वाटणे हे पुष्कळदा त्याचेच चिन्ह असते, पित्ताचे नव्हे.

दिवसा बोटावरच्या यंत्रात ९२ आकडा दिसला की रात्रीचीही काळजी मिटली, असे मानले जाते. मात्र ऑक्सिजनची संपृक्तता ९० टक्क्यांच्या आसपास आली की तेथून पुढची उतरण तीव्र असते, त्यामुळे दिवसा काठावर असलेला रुग्ण झोपेत झपाट्याने खाली घसरू शकतो.

यावर घरी ऑक्सिजन लावून मोकळे व्हावे, हाही सोपा वाटणारा तोडगा फसवा आहे. दिवसाही ऑक्सिजन फार कमी असणाऱ्यांचे आयुष्य दीर्घकालीन ऑक्सिजनने वाढते, हे १९८० आणि १९८१ सालच्या अमेरिकी व ब्रिटिश चाचण्यांनी दाखवले. परंतु फक्त रात्री घट होणाऱ्या २४३ रुग्णांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रात्रीच्या ऑक्सिजनचा लाभ सिद्ध होऊ शकला नाही, आणि मनाने वाढवलेल्या प्रवाहाने काही रुग्णांत कार्बन डायऑक्साइड धोकादायक पातळीवर जातो.

झोपेच्या गोळीचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी मेंदूकडून येणारी श्वासाची प्रेरणाच मंदावू शकते.

घोरणे म्हणजे गाढ झोप, हे तर निखालस चूक. सीओपीडीसोबत झोपेत घसा मिटून श्वास थांबण्याचा विकारही असेल, तर दोन्ही मिळून ऑक्सिजन अधिक खाली नेतात. या जोडविकाराला १९८५ साली डेव्हिड फ्लेन्ली यांनी नाव दिले आणि त्याचा उपचार वेगळा आहे. रुग्णाला स्वतःला मात्र यातले काहीच आठवत नाही, म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे जाताना त्याच खोलीत झोपणाऱ्या माणसाला सोबत न्यावे.