तांब्यात कोरलेले आमंत्रण

माझ्या पुतणीचे लग्न ठरले आणि घरात पहिला तंटा झाला तो मानपानावरून नव्हे, पत्रिकेवरून! ती म्हणाली, "आत्या, फोनवर पाठवू की. छापायची कशाला?" दादाने मनातल्या मनात हिशेब केला आणि लेकीची बाजू घेतली. मी मात्र हटून बसले. फोनच्या काचेला कुंकू कसे लावणार? आणि कुलदैवतापुढे पहिली पत्रिका म्हणून काय ठेवणार, दादाचा फोन? अखेर तडजोड झाली. शंभर पत्रिका कोरीव ठशावरून छापायच्या, बाकीच्यांना फोन. शंभरांचा खर्च अर्थात आत्याचा.

कोरीव छपाई म्हणजे काय, हे पुष्कळांना ठाऊक नसते. खिळ्यांच्या छपाईत अक्षर उठावाचे असते आणि ते कागदावर दाबले जाते. इथे सारेच उलट. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने अक्षरे खोल, आणि आरशात दिसावीत तशी उलटी कोरतात. खाचांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि कागद असा दाबायचा की त्याने खाचेत शिरून शाई उचलून आणावी. म्हणून ते अक्षर कागदावर उभे राहते, बोटाला लागते. हल्ली ओल्या शाईवर राळेची पूड टाकून, ती तापवून तसाच फुगवटा आणतात. दिसायला फसगत होते खरी. पण पत्रिका उलटून पाहावी. कोरीव छपाईत पाठीमागे दाबाचा खळगा दिसतो. पुडीच्या छपाईत पाठ सपाट!

ही विद्या आपल्याला परकी मुळीच नाही. लग्नातल्या भांड्यांवर नावे घालून देणारा कारागीर कोणी पाहिला नाही? नाना फडणविसांच्या काळात पुण्यास गीता छापण्यासाठी तांब्याचे पत्रे कोरण्याचा घाट घातला गेला, तो एका तांबटाच्याच भरवशावर. पुण्यास ते तडीस गेले नाही. मिरजेस मात्र पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली अशी गीता छापून निघाली.

मुंबईतल्या एका जुन्या छापखान्यात मी मजकूर घेऊन गेले. तिथल्या वृद्ध कारागिरांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांशी नेला आणि एकेक अक्षर पुटपुटत वाचू लागले. मध्येच थांबले.

"बाई, हा रफार 'वा'वरचा ना? 'शी'वर कसा बसला?"

मी पाहिले. माझ्याच हातचे 'आर्शीवाद'! याच शब्दासाठी मी वीस वर्षे पोरांचे गुण कापीत आले आहे. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "कागदावर आहे तोवर ठीक. तांब्यात गेले की तेवढी जागा खरवडायची, मागून ठोकून वर आणायची, घासून सपाट करायची आणि पुन्हा कोरायचे." माझी चूक त्यांनी घरच्या माणसासारखी झाकली; बिलातही धरली नाही.

पत्रिका आल्या. दादाने पहिलीच्या कोपऱ्यांना कुंकू लावले. पुतणीने ती हातात घेतली, आपल्या नावावरून बोट फिरवले, उलटून पाठीवरचा खळगा पाहिला, पुन्हा सुलटी केली.

"आत्या, पत्रा आहे ना अजून त्यांच्याकडे? आणखी पन्नास निघतील?"

दादा चष्मा शोधायला आत गेला.