लिपी नाही, म्हणून भाषा नाही?

“त्यांची कसली आलीय भाषा? बोली आहे ती. लिपी तरी आहे का तिला?”

हे वाक्य श्रीरामपुरात मी चहाच्या टपरीवर ऐकलं आहे, कचेरीत ऐकलं आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे. पण ते शाळेत ऐकलं तेव्हा मात्र गप्प बसवेना. मराठी भाषा गौरव दिनाला एका शाळेत गेलो होतो. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला, त्यावर मुलांनी छान भाषणं केली. नंतर चौथीच्या वर्गात जरा बसलो आणि बाईंना विचारलं, घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं किती आहेत?

“नाही सर, सगळी मराठीच. तिघं-चौघं घरी त्यांचं काहीतरी बोलतात, पण ती काही भाषा नाही. लिपीच नाही ना तिला.”

त्या तिघा-चौघांत वडार वस्तीवरची एक मुलगी होती. तिला म्हटलं, तुझी आजी कशी मोजते ते मोजून दाखव बरं. तिने आधी बाईंकडे पाहिलं. मग बोटं दुमडत हलक्या आवाजात मोजायला लागली. दोन, तीन, चारसाठी तिने उच्चारलेले शब्द तेलुगूतल्या ‘रेंडु, मूडु, नालुगु’ यांचे सख्खे भाऊबंद होते. वर्ग हसला. ती चारवरच थांबली.

बाईंचा हेतू वाईट नव्हता, हे मला माहीत आहे. म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

भाषा म्हणजे माणसांचं बोलणं. त्याला व्याकरण असतं, म्हणजे काय बरोबर आणि काय चूक हे बोलणाऱ्याला आतून ठाऊक असतं. लिपी ही ते बोलणं टिपून ठेवण्याची सोय आहे, आणि ही सोय माणसं एकमेकांकडून घेत आली आहेत. आपली म्हणून आपण जी देवनागरी मिरवतो, तीच संस्कृतची, हिंदीची आणि नेपाळीची. इंग्रजी रोमन लिपीत लिहितात. ती लिपी लॅटिनची. तुर्कस्तानने 1928 साली अरबी लिपी सोडून रोमन घेतली, म्हणून तिथल्या लोकांची भाषा एका रात्रीत बदलली नाही.

एवढं लांब तरी कशाला जायचं? आपल्या भागातल्या कुठल्याही जुन्या घरातली पेटी उघडा. पणजोबांच्या जमिनीचा कागद निघाला तर तो बहुधा मोडीत असेल. तो वाचायला आज जाणकार शोधावा लागतो, आणि वाचून झाल्यावर कळतं की मजकूर मराठीच आहे. मराठीचा रोजचा व्यवहार शतकानुशतकं मोडीत चालला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतून गेली. लिपी गेली, भाषा राहिली. लिपीवरून भाषा ठरवायची तर पणजोबांची भाषा आणि आपली भाषा वेगळी म्हणावी लागेल. हे कुणी मान्य करेल का?

याच्या उलट उदाहरण गोंडीचं आहे. मुन्शी मंगल सिंग मसराम यांनी 1918 साली गोंडीसाठी लिपी तयार केली. तेलंगणातल्या गुंजाला गावात दुसऱ्याच एका गोंडी लिपीतली जुनी हस्तलिखितं सापडली. संगणकावर वापरता याव्यात म्हणून 2017 आणि 2018 मध्ये या दोन्ही लिप्यांना युनिकोडमध्ये जागा मिळाली. म्हणजे गोंडीजवळ एक सोडून दोन लिप्या आहेत, आणि 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 29 लाख 84 हजार भाषक आहेत. तरी गोंडी घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेने मानलेल्या भाषांच्या यादीत, नाही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने गोंडीतून शिकवणारी शाळा स्वतः सुरू केली. लिपीचा आग्रह धरणाऱ्यांनी सांगावं, आता कशाची वाट पाहायची?

दुसरा शब्द ‘बोली’. हा शब्द वाईट नाही. प्रत्येक भाषा बोलींतूनच जगते. पण ‘बोली’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कुणाची बोली? आपण गृहीत धरतो की मराठीची, आणि तीही मोडकी. इथे आपली सपशेल चूक होते. इंग्रजी राजवटीत ग्रियर्सन यांनी केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा द्रविड आणि मुंडा भाषांचा खंड 1906 सालचा आहे. त्यात कैकाडी तमिळच्या परिवारात आहे आणि वडारी तेलुगूच्या. आपली जनगणना आजही कैकाडीचे आकडे तमिळखाली आणि वडारीचे तेलुगूखाली घालते. पारधी समाजाची भाषा भिली-गुजरातीच्या बाजूची. जनगणनेत ती भिलीखाली मोजली जाते. बंजाऱ्यांची गोरमाटी राजस्थानी वळणाची. तिथे आईला ‘याडी’ म्हणतात, आणि जनगणना तिला हिंदीच्या पोटात टाकते. यातली एकही मराठीची बोली नाही. मराठी आणि कैकाडी यांच्यातलं अंतर मराठी आणि बंगालीतल्या अंतरापेक्षा जास्त आहे, कारण मराठी-बंगाली निदान एका कुळातल्या आहेत.

मग त्या आपल्याला मराठीसारख्या का वाटतात? कारण त्यांनी मराठीतून भरपूर शब्द घेतले आहेत. शेजारात राहून शब्द घेतले जातातच. सरकार, जमीन, वकील, बाजार हे शब्द मराठीने फारसीतून घेतले. म्हणून मराठीला कुणी मोडकी फारसी म्हणत नाही.

भाषा आणि बोली यांतली रेघ भाषाशास्त्रापेक्षा सत्ता आणि चळवळी जास्त ठरवतात, हे तर मराठी माणसाला सर्वांत चांगलं ठाऊक असायला हवं. कोकणी ही मराठीची बोली, असं आपण किती वर्षं म्हणत होतो! साहित्य अकादमीने 1975 मध्ये तिला स्वतंत्र भाषा मानलं, 1987 मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि 1992 मध्ये आठव्या अनुसूचीत आली. ती देवनागरी, रोमन, कन्नड अशा अनेक लिप्यांत लिहिली जाते आणि कोकणीच राहते. बोलणाऱ्यांच्या संख्येवर दर्जा ठरतो म्हणाल, तर तेही खरं नाही. 2011 च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे 24,821 होते आणि भिली गटातल्या भाषा सांगणारे 1 कोटी 4 लाखांहून अधिक. संस्कृत अनुसूचीत आहे, भिली नाही. संस्कृतला तिची जागा असू द्या. पण ‘भाषा असती तर सरकारने मानली असती’ असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

श्रीरामपुरात या भाषा आल्या तरी कशा? भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस आला, हरिगाव-टिळकनगरला साखर कारखाने उभे राहिले. माती खोदायला, दगड फोडायला, टोपल्या-कणग्या विणायला, ऊस तोडायला माणसं लागली. ती आपापली भाषा घेऊन आली. भिल्ल समाज तर त्याआधीपासून नदीकाठाने होताच. आजही गळीत हंगामात कारखान्यांच्या आसपासच्या फडांत कोयत्यांबरोबर गोरमाटी ऐकू येते. म्हणजे दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरच्या या गावात आर्य आणि द्रविड अशी दोन भाषाकुळं एकाच बाजारात भाजी घेतात. आपण ते ऐकलंच नाही.

भाषा मरण्याचा विषय निघाला की आपण इंग्रजीवर बोट ठेवतो. आफ्रिकेचा दाखलाही तसाच दिला जातो: इंग्रज-फ्रेंच आले आणि भाषा गेल्या. ते अर्धंच खरं आहे. (आणि ‘आफ्रिकन’ नावाची एक भाषा नाही, त्या खंडात सुमारे 2,000 भाषा आहेत, जगातल्या जवळजवळ एक तृतीयांश.) टांझानियात लहान भाषांची जागा घेतली ती इंग्रजीपेक्षा स्वाहिलीने जास्त. शेजारची मोठी, शाळेची, बाजाराची, नोकरीची भाषा लहान भाषेला गिळते, हा जगभरचा अनुभव आहे. श्रीरामपुरात ती मोठी भाषा मराठी आहे. मराठी शाळा बंद पडताना मलाही पोटात तुटतं. पण कैकाडी आजीच्या नातवाची भाषा इंग्रजीने नेलेली नाही. ती आपण नेली आहे. हे मराठीवर प्रेम करणाऱ्यानेच बोलायला हवं, म्हणून बोलतो.

केनियाचे लेखक न्गुगी वा थिआँगो यांनी आपल्या शाळेची आठवण लिहून ठेवली आहे. आवारात गिकुयू ही मातृभाषा बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या मिळत, किंवा गळ्यात अपमानाचा मजकूर लिहिलेली पत्र्याची पाटी अडकवली जाई. श्रीरामपूरच्या त्या वर्गात कुणी पाटी अडकवली नाही, छडी उगारली नाही. नुसतं हसू पुरलं. उद्या ती मुलगी आजीला सांगेल, माझ्याशी मराठीत बोल. आजी बोलेलही, कारण नातीचं भलं व्हावं असं तिला वाटतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात सांगतो.

‘ही चोरांची सांकेतिक भाषा आहे.’ हा 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा वारसा. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, डोक्यातून गेला नाही. काही समाजांत मोजके सांकेतिक शब्द असतात, पण ते घरच्या भाषेहून वेगळे. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा करणाऱ्या दलालांच्याही खुणा असतात. त्यांना कुणी गुन्हेगार म्हणत नाही. आई लेकराला ज्या भाषेत निजवते ती सांकेतिक भाषा नसते.

‘घरी ही भाषा बोलली तर मूल अभ्यासात मागे पडतं.’ मूल मागे पडतं ते पहिलीत बाई काय म्हणतात हे न कळल्यामुळे. घटनेचं कलम 350क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करा असं राज्यांना सांगतं, आणि 2009 चा शिक्षण हक्क कायदाही शक्य तिथवर तेच म्हणतो. लहान मूल दोन-तीन भाषा सहज पेलतं. आपल्या भागात घरी कैकाडी, गल्लीत हिंदी आणि शाळेत मराठी बोलणारी पोरं रोज हे करून दाखवतात.

‘या भाषांत साहित्य नाही.’ गाणी, कहाण्या, उखाणे, कूटप्रश्न, जातपंचायतीतला युक्तिवाद हे साहित्य नव्हे तर काय? आणि लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (1980) वाचा. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या त्या मराठी आत्मकथनामागे कैकाडी घर आहे.

‘भारतात 22 भाषा आहेत.’ 22 ही अनुसूचीतली संख्या. 2011 मध्ये लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावं 19,569 होती. छाननी आणि गटवारी होता होता 121 भाषा उरल्या, आणि 10,000 पेक्षा कमी भाषक असलेल्या भाषा या यादीत स्वतंत्र दिसतच नाहीत. गणेश देवी यांच्या नेतृत्वाखाली 2010 पासून झालेल्या लोकसर्वेक्षणाने 780 भाषांची नोंद केली. त्याचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला आहे. तो मराठीत आहे आणि प्रत्येक शिक्षकाने चाळावा असा आहे.

‘रेकॉर्ड करून ठेवलं की भाषा वाचली.’ अंदमानातल्या बो भाषेच्या शेवटच्या भाषक बोआ सीनियर 26 जानेवारी 2010 रोजी गेल्या. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला होता, तो आजही ऐकता येतो. पण त्या आवाजाला उत्तर देणारं कुणी नाही. न्यूझीलंडच्या माओरींनी 1982 पासून वेगळा मार्ग धरला. त्यांनी बालवाड्या काढल्या आणि तिथे आजी-आजोबांना मुलांशी दिवसभर माओरीत बोलायला बसवलं. दक्षिण आफ्रिकेत 1933 साली जन्मलेल्या कात्रिना एसाऊ या आपल्या नुऊ भाषेच्या अखेरच्या अस्खलित भाषकांपैकी एक. त्यांनी अपिंग्टनमधल्या आपल्या घरीच मुलांना ती भाषा शिकवायला घेतली. याला मोठा निधी लागत नाही. आठवड्यातून एक तास वडार वस्तीवरची आजी वर्गात आली, तिने मोजलं, गोष्ट सांगितली आणि सगळ्या वर्गाने तिच्यामागून म्हटलं, तर ती मुलगी चारवर थांबणार नाही.

शेवटी एक काम सांगतो, ते लगेच करण्यासारखं आहे. येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 जाहीर झाला आहे. मागच्या जनगणनेत मातृभाषेची व्याख्या अगदी साधी होती: लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली ती. येत असलेल्या इतर दोन भाषा नोंदवायला वेगळी जागा होती, त्यामुळे मातृभाषा कैकाडी सांगितल्याने मराठी येते ही नोंद बुडत नाही. कैकाडी असेल तर कैकाडी सांगा, वडारी असेल तर वडारी, पारधी, भिली, गोरमाटी जी असेल ती नाव घेऊन सांगा. आणि प्रगणक म्हणून दारोदार जाणाऱ्या शिक्षक बंधू-भगिनींनो, समोरच्या घराने भाषेचं जे नाव सांगितलं तेच लिहा. ‘म्हणजे मराठीच ना?’ असं विचारू नका.