बेताचे मद्यपान : हितकर की अहितकर?

चंदीगड हे शहर आधी कागदावर रेखाटले गेले व मग जमिनीवर उभे राहिले. ल कॉर्ब्यूझिए या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार त्याचे सर्वसाधारणपणे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब असे विभाग पाडण्यात आले. त्यांना ‘सेक्टर’ म्हणतात. सेक्टर १७ हा या नगराचा मध्यवर्ती व्यापारी विभाग होय. पादचाऱ्यांसाठी राखलेला प्रशस्त चौक, दुकाने, उपाहारगृहे, बसस्थानक आणि सार्वजनिक ग्रंथालय या सर्वांमुळे तेथे सदैव वर्दळ असते.

सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्रीस मनाई करणारा आदेश दिला. मद्यपान करून वाहन चालविल्याने होणारे अपघात टाळावेत, हा त्याचा हेतू होता. परंतु चंदीगडमधील काही मोठ्या रस्त्यांना राज्य महामार्गाचा दर्जा होता. ८०० मीटर रुंदीच्या सेक्टरच्या लांब बाजूने असा एक महामार्ग जात असेल, तर ५०० मीटरांच्या पट्ट्यात निम्म्याहून अधिक सेक्टर सापडतो, हे साध्या भूमितीने कळते. मार्च २०१७ मध्ये चंदीगड प्रशासनाने या रस्त्यांचा दर्जा बदलून त्यांना ‘प्रमुख जिल्हा रस्ते’ ठरविले. रस्ता-सुरक्षेसाठी झटणाऱ्या ‘अराइव्ह सेफ’ या संस्थेने त्यास न्यायालयात आव्हान दिले. अखेर ११ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खुलासा केला, की नगरपालिकांच्या हद्दीतील परवानाधारक विक्रीस मूळ आदेश प्रतिबंध करीत नाही.

मद्य कोठे विकावे, या प्रश्नाचा असा निकाल लागला. परंतु मद्य दुकानातून पेल्यात व पेल्यातून पोटात गेल्यावर शरीराचे हित होते की अहित, हे मीटरांच्या मापाने ठरत नाही. अतिरेकी मद्यपान घातक आहे, याविषयी कोणाचेच दुमत नाही. वाद आहे तो ‘बेताच्या’ मद्यपानाविषयी. रोजचा एखादा पेला हृदयास बळ देतो, अशी समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे. ती कितपत खरी आहे?

बेताचे म्हणजे किती?

‘बेताचे’ हा शब्द सैल आहे, म्हणून प्रथम तो मोजून घेतला पाहिजे. मद्यातील क्रियाशील द्रव्य म्हणजे इथिल अल्कोहोल अथवा मद्यार्क. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅम मद्यार्क हे एक प्रमाणित माप मानते. ब्रिटनमधील माप ८ ग्रॅमचे, तर अमेरिकेतील १४ ग्रॅमचे आहे. यास्तव एका देशातील ‘एक पेला’ दुसऱ्या देशातील एका पेल्याइतका नसतो.

भारतात व्हिस्की, रम यांसारख्या मद्यांत साधारणतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो. अशा मद्याच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम, तर ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम मद्यार्क येतो. पंजाबात प्रसिद्ध असलेला ‘पतियाळा पेग’ याहूनही मोठा. ५ टक्के मद्यार्काच्या बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली सुमारे २५ ग्रॅमची असते आणि ८ टक्क्यांची कडक बिअर असल्यास तोच आकडा ४० ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे “मी तर फक्त एक बाटली बिअर घेतो” असे म्हणणारा मनुष्य चार लहान पेग घेत असू शकतो.

या हिशेबाचा रस्त्याशीही संबंध आहे. मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असणे हा गुन्हा आहे. ६० किलोग्रॅम वजनाच्या पुरुषाने उपाशीपोटी एकदम एक लहान पेग घेतल्यास त्याच्या रक्तातील प्रमाण अदमासे २५ मिलिग्रॅमपर्यंत चढते, आणि मोठा पेग घेतल्यास ५० मिलिग्रॅमच्या आसपास पोहोचते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचा अंश तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच मद्याने त्यांच्या रक्तातील प्रमाण अधिक वाढते. पुष्कळांना बेताचा वाटणारा एक मोठा पेग कायद्याची मर्यादा ओलांडू शकतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

शरीरात काय घडते?

पोटात गेलेला मद्यार्क लवकरच रक्तात मिसळतो. त्याचा बहुतेक भाग यकृतात विघटन पावतो. प्रथम त्याचे ॲसिटाल्डिहाइड बनते व नंतर ॲसिटेट. एका लहान पेगमधील मद्यार्काचा निचरा करण्यास यकृताला तास-दीड तास लागतो. हा वेग कॉफी पिऊन, थंड पाण्याने स्नान करून अथवा व्यायाम करून वाढविता येत नाही.

यांतील ॲसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ आहे. तो पेशींतील आनुवंशिक द्रव्यास इजा पोहोचवितो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यांचा समावेश मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केला. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन या अवयवांच्या कर्करोगाशी मद्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. स्तनाच्या कर्करोगाविषयीचे ५३ अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की रोजच्या प्रत्येक १० ग्रॅम मद्यार्कामागे हा धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. ज्याखाली धोकाच नाही अशी सुरक्षित पायरी येथे आढळत नाही.

हितकर असल्याची समजूत कोठून आली?

असे असूनही मद्य हितकर मानले गेले, याला कारणे होती. मद्य हे औषध आहे, हा विचार जुना आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही प्रकृतीच्या कारणास्तव मद्यसेवनाचा परवाना देण्याची सोय होती. गुजरातेत आरोग्य-परवान्याची पद्धत आजही चालू आहे.

या विचारास शास्त्राचा आधार मिळाल्याचे १९२६ मध्ये दिसून आले. अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी बाल्टिमोर येथील कुटुंबांची माहिती तपासून मद्य व दीर्घायुष्य यांवर ग्रंथ लिहिला. बेताने पिणारे लोक मुळीच न पिणाऱ्यांपेक्षा कमी जगत नाहीत, किंबहुना किंचित अधिकच जगतात, असे त्यांना आढळले. पुढे अनेक देशांतील पाहण्यांत हेच चित्र पुन्हा दिसले. आलेखावर मद्याचे प्रमाण व मृत्यूचे प्रमाण मांडले असता रेषा आरंभी किंचित खाली उतरे व नंतर वर चढे. तिचा आकार इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा असल्याने तिला तेच नाव पडले. फ्रेंच लोक स्निग्ध पदार्थ भरपूर खाऊनही त्यांच्यात हृद्रोग कमी का, या कोड्याचे उत्तर १९९२ मध्ये सर्ज रनो व त्यांच्या सहकाऱ्याने द्राक्षमद्यात शोधले.

मद्यामुळे रक्तातील ‘चांगले’ मानले जाणारे कोलेस्टेरॉल वाढते व रक्त गोठण्याची प्रवृत्ती थोडी घटते, हेही खरेच आहे. त्यामुळे समजुतीला बळकटी आली. परंतु पुढे केवळ हे कोलेस्टेरॉल वाढविणारी औषधे देऊन पाहिली, तेव्हा हृद्रोग अपेक्षेप्रमाणे कमी झाला नाही.

तुलनेतील खोट

खरी चूक रसायनशास्त्रात नव्हती. ती तुलनेत होती. बेताने पिणाऱ्यांची तुलना ‘न पिणाऱ्यांशी’ केली जाई. पण न पिणारे कोण? ब्रिटनमधील २४ गावांतल्या ७,७३५ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास करणाऱ्या शेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये या प्रश्नाकडे लक्ष वेधले. न पिणाऱ्यांच्या गटात पूर्वी पिणारे, परंतु प्रकृती बिघडल्यामुळे मद्य सोडून दिलेले पुष्कळ लोक होते. ते आजारी होते म्हणून पीत नव्हते. पीत नव्हते म्हणून आजारी पडले नव्हते. अशा गटाशेजारी उभा केलेला कोणताही गट सुदृढच दिसणार.

दुसरी खोट संपत्तीची. पाश्चात्त्य देशांत बेताने पिणारा मनुष्य बहुधा सुस्थितीतील, सुशिक्षित, व्यायाम करणारा व वेळेवर वैद्याकडे जाणारा असतो. त्याच्या आरोग्याचे श्रेय या सर्व गोष्टींना न देता पेल्यास देणे म्हणजे कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला असे मानणे होय. २०२३ मध्ये १०७ अभ्यासांतील ४८ लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करून असे दोष शक्यतो दूर करण्यात आले. तेव्हा अल्प प्रमाणात पिणाऱ्यांना मिळणारा दीर्घायुष्याचा लाभ उल्लेखनीय राहिला नाही.

निसर्गाने मांडलेला प्रयोग

उत्तम मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट पाडावेत, एकास मद्य द्यावे, दुसऱ्यास देऊ नये, आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. अमेरिकेत ७,८०० व्यक्तींवर असा प्रयोग योजिला होता. परंतु त्यासाठी मद्य-उद्योगाकडून पैसा मिळविण्याच्या रीतीमुळे त्याच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका निर्माण झाल्या आणि जून २०१८ मध्ये तो थांबविण्यात आला.

सुदैवाने निसर्गाने असाच एक प्रयोग मांडून ठेवला आहे. काही लोकांना जन्मतःच असे जनुक मिळते, की थोडे मद्य घेताच त्यांचा चेहरा लाल होतो व मळमळ सुटते. साहजिकच ते कमी पितात. हे जनुक कोणाच्या वाट्यास यावे हे आईबापांकडून होणाऱ्या वाटणीत योगायोगाने ठरते. संपत्तीने किंवा आजाराने ठरत नाही. २०१४ मध्ये २,६१,९९१ व्यक्तींची अशी पाहणी प्रसिद्ध झाली. कमी पिण्यास भाग पाडणारे जनुक असलेल्यांत हृद्रोग कमी आढळला, आणि हे मुळात बेताने पिणाऱ्यांतही खरे ठरले. चीनमधील पाच लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला. तेथे नेहमीच्या पद्धतीने तुलना केली असता बेताने पिणाऱ्यांत पक्षाघात कमी दिसे. जनुकांच्या साहाय्याने तुलना करताच तो लाभ नाहीसा झाला. मद्याबरोबर पक्षाघाताचा धोका सरळ चढत गेला.

भारतातील पुरावा

या वादात भारताचा अनुभव विशेष बोलका आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के व स्त्रियांपैकी एक टक्क्याच्या आसपास मद्यपान करतात. म्हणजे येथे न पिणे हीच रीत आहे. येथील न पिणाऱ्यांचा गट आजारामुळे मद्य सोडलेल्यांनी भरलेला नसतो. त्यात बहुसंख्य आयुष्यभर न प्यालेले, धडधाकट लोक असतात. तुलनेतील पहिली खोट येथे बरीच कमी होते.

मग लाभ दिसतो का? ५२ देशांत झालेल्या हृदयविकाराच्या एका मोठ्या अभ्यासात एकंदरीने मद्याचा थोडा संरक्षक परिणाम आढळला होता. परंतु २००७ मध्ये त्यातील दक्षिण आशियाई लोकांची माहिती वेगळी तपासली, तेव्हा तो आढळला नाही. भारतीय पुरुषांविषयी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर पिणाऱ्यांत हृद्रोगाचे प्रमाण काहीसे अधिकच होते. भारतात कडक मद्य पुष्कळदा एका बैठकीत व अधिक मात्रेने घेतले जाते, हेही एक कारण असू शकेल. तथापि पाश्चात्त्य देशांतील आकड्यांवरून भारतीयाने पेला उचलावा, यास आधार नाही, एवढे निश्चित.

धोका किती मोठा?

येथे अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. १९५ देशांची माहिती तपासून २०१८ मध्ये एक अंदाज मांडण्यात आला. वर्षभरात मुळीच न पिणाऱ्या एक लाख लोकांपैकी ९१४ जणांना मद्याशी संबंधित असलेल्या विकारांपैकी एखादा होतो, कारण हे विकार इतर कारणांनीही होतात. रोज १० ग्रॅम मद्यार्क घेणाऱ्यांत हा आकडा ९१८ होतो, २० ग्रॅम घेणाऱ्यांत ९७७. म्हणजे पहिल्या पायरीवर वाढ अल्प आहे. पुढे ती झपाट्याने होते. त्याच संशोधकांनी २०२२ मध्ये असे म्हटले, की तरुणांना मद्यापासून कोणताही आरोग्यलाभ नाही. वयस्कर लोकांत मात्र अत्यल्प प्रमाणाने काही हृदयविकारांत थोडा लाभ संभवतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही बेताने पिणाऱ्यांत एकूण मृत्यूचे प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसते असा निष्कर्ष काढला, पण त्याचबरोबर स्तनाच्या कर्करोगाचा वाढता धोका नोंदविला. उलट जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की आरोग्याच्या दृष्टीने मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही. शास्त्रज्ञांत मतभेद आहेत ते एवढेच. परंतु आरोग्यासाठी मद्यपानास आरंभ करा, असा सल्ला यांपैकी कोणीही देत नाही.

तात्पर्य

यावरून व्यवहारासाठी काही गोष्टी निघतात. जो पीत नाही, त्याने प्रकृतीच्या नावाखाली आरंभ करू नये. हृदयाचे रक्षण चालणे, तंबाखूचा त्याग, फळे-भाज्या आणि रक्तदाबावरील ताबा यांनी अधिक खात्रीने होते. जो पितो, त्याने जितके कमी करील तितके बरे. आणि आपला पेला ग्रॅमांत मोजावा. गर्भवती स्त्रिया, यकृताचे रोगी, झोपेची वा तत्सम औषधे घेणारे आणि वाहन चालविणारे यांना बेताची मात्राही वर्ज्यच आहे. मात्र रोज पुष्कळ पिण्याची सवय जडलेल्याने ते एकाएकी सोडल्यास झटके व भ्रम यांसारखे प्राणघातक विकार उद्भवू शकतात. त्याने वैद्याच्या देखरेखीखालीच सोडावे. चंदीगडच्याच सेक्टर १२ मधील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत १९८८ पासून व्यसनमुक्ती केंद्र चालू आहे, आणि अशी केंद्रे देशात अन्यत्रही आहेत. तेथे जाणे लाजेचे नव्हे, शहाणपणाचे होय.

‘थोडे घेतले तर चांगलेच’ हे वाक्य शास्त्राच्या नावावर दीर्घकाळ चालले. तुलना जसजशी नेटकी होत गेली तसतसे त्यातील ‘चांगले’ विरत गेले, आणि मद्य थोडे घेतले तर अपाय थोडा, एवढेच हाती उरले.