कॅमेरे बसविले, पण पाहतो कोण?

दुकानात चार कॅमेरे बसविले, गल्ल्याजवळ टीव्हीचा पडदा लावला, की चोरीची चिंता मिटली असे मानणारे व्यापारी बांधव आम्हाला वरचेवर भेटतात. प्रत्यक्षात गिऱ्हाइकांच्या गर्दीत त्या पडद्याकडे पाहायला कोणाला सवड नसते आणि रात्री तर दुकानात कोणीच नसते. माल कमी झाल्याचे महिनाअखेरीस मोजणी करताना कळते. तोवर चित्रण पुसले गेलेले असते आणि संशयाची सुई हटकून सर्वांत गरीब कामगाराकडे वळते. चित्रण नाही म्हणून तो चोर ठरत नाही, पण चित्रण नाही म्हणूनच त्याची सुटकाही होत नाही.

कॅमेरा फक्त पाहतो. पाहिलेले साठविणे, त्यातले कामाचे तेवढे वेगळे काढणे आणि मालकाला वेळेवर हाक मारणे हे सॉफ्टवेअरचे काम. डीव्हीआर किंवा एनव्हीआर म्हणून जी पेटी दुकानात ठेवली जाते, तिच्यात ते आधीपासून असते. फक्त कॅमेरे बसविणारा ते नीट लावून देत नाही आणि आपण विचारत नाही. संगणकावर चालणारी वेगळी सॉफ्टवेअरेही आहेत. झोनमाइंडर आणि फ्रिगेट ही तर विनामूल्य मिळतात, मात्र ती बसवायला जाणकार मुलगा हवा. निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकाच सॉफ्टवेअरवर चालावेत यासाठी २००८ साली ऑनव्हिफ नावाची सामाईक पद्धत सुरू झाली. खरेदी करताना ‘हा कॅमेरा ऑनव्हिफवर चालतो का?’ एवढे विचारावे, म्हणजे पुढे एकाच कंपनीच्या दावणीला बांधून घ्यावे लागत नाही.

आता चित्रण पुसले का जाते ते पाहू. साधारण २ मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने अखंड चित्रण करीत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा खातो. चार कॅमेऱ्यांचे झाले ८६ जीबी. म्हणजे १ टेराबाइटची हार्ड डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि बाराव्या दिवशी पहिल्या दिवसाचे चित्रण पुसायला सुरुवात होते. महिन्याने मोजणी करणाऱ्या दुकानदाराला त्याचा काय उपयोग? एक तर मोठी डिस्क घ्यावी, नाही तर एच.२६५ ही पद्धत निवडावी, जुन्या एच.२६४ पेक्षा तिला बरीच कमी, पुष्कळदा निम्मीच जागा लागते. तिसरा उपाय हालचाल झाली तरच चित्रण करण्याचा, पण तो जागा पाहून वापरावा लागतो.

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमाग कारखान्याचेच उदाहरण घ्या. तिथे पाळी चालू असताना सर्वच हलत असते. हालचालीचा इशारा चालू ठेवला तर मालकाचा मोबाईल दिवसभर वाजत राहतो आणि दोन दिवसांत तो वैतागून इशारे बंद करतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्र आखायचे: माग वगळायचे, फक्त दरवाजा, सुताची खोली आणि तयार ठाण ठेवण्याची जागा घ्यायची. शिवाय वेळ ठरवायची. पाळी सुटल्यापासून पुन्हा कारखाना उघडेपर्यंत इशारा चालू. दुकानदारांनी रात्रीबरोबर शुक्रवारी जुम्म्यासाठी दुकान बंद असते तो दुपारचा वेळही त्यात घालावा. माणूस आणि इतर हालचाल यांतला फरक ओळखणारे सॉफ्टवेअर असेल तर ते घ्यावेच, कारण रात्री कॅमेऱ्यासमोरचा कोळी आणि रस्त्यावरच्या गाडीचा उजेडसुद्धा खोटी हाक मारतात. कापसाची तूस काचेवर बसते, ती मात्र कोणतेही सॉफ्टवेअर पुसत नाही. आठवड्याला फडके फिरवावे लागते. वीज गेली की कॅमेरा आंधळा, म्हणून पेटी आणि राऊटर दोन्ही इन्व्हर्टरवर असावेत.

पासवर्डकडे तर आपले लोक अगदीच दुर्लक्ष करतात. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. त्यासाठी त्याने कुलूप फोडले नाही. कारखान्यातून येताना असलेले साठेक नाव-पासवर्ड त्याने एकामागून एक लावून पाहिले आणि मालकांनी ते बदललेलेच नव्हते. कॅमेरे बसविणाऱ्याने दिलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. नोकर सोडून गेला की त्याच्या मोबाईलवरची परवानगी काढावी. आपल्या देशात कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या सक्तीच्या अटी २०२४ मध्ये जाहीर होऊन एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या आहेत. तेव्हा नवा कॅमेरा घेताना त्याचे प्रमाणपत्र मागावे.

पुराव्याचे काय? या बाबतीत जालन्याचा एक खटला लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर आले की काय, हा प्रश्न होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले चित्रण पुढे आणले गेले. खोतकर-गोरंट्याल या नावाने तो खटला ओळखला जातो. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशा चित्रणाची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर कायद्याने ठरविलेले प्रमाणपत्र सोबत हवेच. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या परिशिष्टात छापलेला असून त्याचे दोन भाग आहेत: एक आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

म्हणून चोरी उघडकीस आली की पहिले काम, पेटीतील ते चित्रण पुसले जाण्यापूर्वी मूळ स्वरूपात पेन ड्राइव्हवर उतरवून घेणे. पडद्यासमोर मोबाईल धरून काढलेली क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला ठीक, न्यायालयात तिच्यावर भिस्त ठेवू नये. मूळ हार्ड डिस्क काढून जपून ठेवावी, दुसरी घालावी. आणि पेटीचे घड्याळ आजच तपासून घ्यावे. ते इंटरनेटवरून आपोआप जुळण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ती अनेक ठिकाणी बंद असते. घड्याळ पाऊण तास मागे असेल, तर दुपारी दोनला सुट्टी घेऊन गेलेला कारागीर पावणेतीनला गोदामात शिरणाऱ्याच्या जागी उभा केला जाऊ शकतो.