अकीकाचा टवका

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं तांबड्या अकीकाची एखादी माळ अगर अंगठींतला खडा असेल. तो खडा घासण्यापूर्वीं टवके काढून घडविलेला असतो, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

दगड वेडावाकडा फुटतो हा समज बरोबर नव्हे. प्रत्येकाची फुटण्याची रीत ठरलेली असते. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, कारण त्याचे थर परस्परांस सैल धरून असतात. अकीकाचें तसें नाहीं. आपला सह्याद्रि ज्या लाव्हारसाचा झाला, त्याच रसांतील वायूच्या पोकळ्यांत गारेचें द्रव्य झिरपून अकीक बनला. त्याचे तंतू इतके सूक्ष्म व गुंतलेले, कीं फुटावयास सोयीची अशी एकहि पातळी त्यांत नाहीं. त्यामुळें तडा घावाच्या जागेपासून शंकूसारखा पसरतो आणि टवक्यावर शिंपल्याप्रमाणें वलयें उमटतात.

गुजराथेंत रतनपूरच्या खाणींतून हे खडे खंबायतेस जातात. तेथें ते उन्हांत वाळवून मडक्यांत मंद आंचेवर भाजतात. पाणी निघून जातें, लोहाचा अंश लाल होतो व दगड फोडावयास सोपा पडतो. मग जमिनींत तिरपी रोवलेली लोखंडी मेख घेऊन कारागीर तिच्या टोंकाला खडा टेकवितो आणि वरून म्हशीच्या शिंगाची हातोडी हलकेच मारतो. गंमत अशी, कीं टवका हातोडीकडून उडत नाहीं, मेखेकडून उडतो! शिंग मऊ, म्हणून वरची बाजू दुखावत नाहीं. लोथल व धोलावीरा येथील सिंधुकालीन कारागीरहि अकीकाचे मणी घडवीत, आणि तसे मणी दूर मेसोपोटेमियांत ऊर येथील राजथडग्यांत सांपडले आहेत.

पण गार फुटते व झिजते तेव्हां तिची धूळहि होते. एमरीच्या चाकावर मणी कोरडा घासतांना उडणारे बारीक कण फुप्फुसांत खोल शिरतात. त्यांना गिळणाऱ्या रक्षक पेशी स्वतःच मरतात, त्या जागीं व्रण धरतो, श्वास आंखडतो. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाहीं, वर क्षयाला वाट करून देतो. १९४८ च्या कारखाने कायद्यानें या रोगाची नोंद केली. परंतु अंगणांतल्या चाकापर्यंत तो कायदा पोंचला नाहीं, आणि धूळ तर चाकावर न बसणाऱ्या मुलांच्याहि श्वासांत जाते. ओलें घासल्यास ती पुष्कळ दबते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेनें चाकाशेजारीं धूळ ओढून घेणारी योजनाहि तयार केली आहे.