हतनूरच्या फुगवट्यावर

जानेवारीची सकाळ. सावदा मागे टाकून मोटारसायकल तापीकडे निघाली आहे. दोन्ही बाजूंना केळीच केळी. ओल्या बागांमधून अंगावर येणारी थंडी गावातल्यापेक्षा बोचरी आहे. घडांनी लादलेला ट्रॅक्टर समोरून येतो आणि मला थेट बांधाला टेकावं लागतं. मग बागा संपतात, हरभऱ्याचा पट्टा लागतो आणि त्यापलीकडे एकदम पाणीच पाणी.

हे हतनूर धरणाच्या फुगवट्याचं पाणी. मुलताईहून आलेल्या तापीला चांगदेवला पूर्णा भेटते. दोघी पुढे हतनूरच्या ४१ दरवाजांमागे थोपतात आणि अशा पसरतात. भर पाण्याच्या दिवसांत मी उभा आहे ती जागा बुडालेली असते. आता पाणी ओसरलं आहे आणि उघड्या गाळात पेरलेला हरभरा घाट्यांवर आला आहे.

उथळ पाण्यात शेकाटे लाल, काटकुळ्या पायांवर फिरताहेत. त्यांच्या पलीकडे केशरी चक्रवाक, जोडी-जोडीने. लडाख-तिबेटकडचा हा पाहुणा हिवाळा काढायला इथे उतरतो. मी जरा पुढे सरकतो तोच त्यांच्यातला एक ओरडतो आणि सगळ्यांच्या माना वर होतात. डोक्यावरून नदी सुरय जातो, हवेत थबकतो आणि सरळ पाण्यात सूर मारतो.

"पक्षी पाह्याले आले का भाऊ?" जाळं ओढणारे भोईकाका विचारतात.

"हो काका."

"मंग तठी नका जाऊ. वरतून वायेल दिसते, पन गुडघ्यालोक पाय जातो."

मी मागे येऊन दगडावर बसतो. महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईला पाय ठेवायला जागा नसते. ती गर्दी भक्तीची आहे, तिथे ती शोभते. या काठावर मात्र रंगीत बाक, सेल्फीची चौकट, भेळेच्या गाड्या कधीच येऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. इथे पायांखाली प्लास्टिकची एक बाटली दिसत नाही. जाळं टाकणाऱ्याला आणि चरणाऱ्या बदकाला एकमेकांची सवय आहे. आपण आलो तर त्यांच्या सवडीने यावं.

काकांचं जाळं काठाला लागतं. चिलापी बरीच, त्यांत एक जाडजूड कटला. मासे घ्यायला आलेली बाई काटा हातात धरून उभीच आहे. ती भाव पाडून मागते, काका मान हलवतात आणि कटला उचलून टोपलीत वेगळा ठेवतात.